मित्राच्या मृत्युपत्रापायी लोकमान्य टिळकांच्या मागे २३ वर्षं लागलेलं ताई महाराज प्रकरण

लोकमान्य टिळक म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो केसरी, गणेशोत्सव, मंडालेचा तुरुंग आणि गीतारहस्य. राजद्रोहाचे खटले तर शाळेच्या पुस्तकातच असतात. पण टिळकांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला खटला राजद्रोहाचा नव्हताच. तो होता एका मित्राच्या मृत्युपत्राचा.

राजद्रोहाच्या दोन शिक्षा मिळून टिळकांची सात वर्षं गेली. या मृत्युपत्राची जबाबदारी मात्र त्यांच्या अंगावर २३ वर्षं होती. तिच्यापायी त्यांच्यावर खोटी साक्ष दिल्याचे आणि बनावट पुरावा केल्याचे आरोप झाले, सक्तमजुरीची शिक्षा झाली, लंडनच्या कोर्टापर्यंत बदनामी झाली. आणि या सगळ्यातून त्यांना स्वतःला एक पैचाही फायदा होणार नव्हता.

हे सगळं इतकं का चिघळलं? उत्तर मृत्युपत्रातल्या एका कलमात आणि त्या काळच्या वारसा कायद्यात आहे.

कायदा शिकलेला, पण वकिली न केलेला माणूस

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शाळाखात्यात नोकरीला. त्यांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब पुण्यात आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. टिळक सोळा वर्षांचे असताना, १८७२ मध्ये वडीलही गेले. पुढे काकांनी घर सांभाळलं आणि टिळकांचं शिक्षण थांबलं नाही.

डेक्कन कॉलेजातून त्यांनी गणित घेऊन बी. ए. केलं आणि १८७९ मध्ये एलएल. बी. झाले. त्या काळी कायद्याची पदवी म्हणजे सरकारी नोकरीची किंवा घसघशीत वकिलीची हमी. टिळकांनी दोन्ही वाटा सोडल्या. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, पुढच्या वर्षी केसरी आणि मराठा सुरू झाले. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी बिनसलं तेव्हा टिळक तिथून बाहेर पडले. दोन्ही वर्तमानपत्रं त्यांच्याकडे आली ती कर्जासकट.

पोटापाण्यासाठी त्यांनी वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी वर्ग चालवले. स्वतः कधी वकिली केली नाही, पण कायदा त्यांच्या बोटांवर होता. पुण्यातल्या बऱ्याच लोकांना अडचणीच्या वेळी टिळकांचा सल्ला घ्यावासा वाटायचा तो यामुळेच.

अशांपैकीच एक होते वासुदेव हरिहर पंडित, म्हणजेच बाबा महाराज.

जामिनावर सुटले आणि थेट मित्राच्या अंथरुणाशी

बाबा महाराज हे पुण्यातले सरदार. घराणं जुनं, पुणे आणि कोल्हापूर अशा दोन्हीकडे इनामं, जमिनी, वाडे. पण मोठ्या घराचा खर्चही मोठा, त्यामुळे इस्टेटीवर कर्जही होतं.

१८९७ चं साल पुण्याला विसरता येणार नाही असं. प्लेगची साथ, रँडची हत्या, पाठोपाठ सरकारची धरपकड. २७ जुलैला मुंबईत टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला आणि ते पुण्यात आले.

घरी येतात तोच कळलं की बाबा महाराज अत्यवस्थ आहेत.

टिळक त्यांना भेटायला गेले. बाबा महाराजांची इच्छा होती की त्यांच्या मागे इस्टेट टिळकांनी सांभाळावी. स्वतःवर राजद्रोहाचा खटला लटकत असताना टिळकांनी होकार दिला. मृत्युपत्र झालं. विश्वस्त म्हणून टिळकांसोबत अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे होते, शिवाय कुंभोजकर आणि नागपूरकर अशी मंडळी होती. ७ ऑगस्ट १८९७ ला बाबा महाराज वारले.

मागे राहिली त्यांची पत्नी सकवारबाई. लोक त्यांना ताई महाराज म्हणत. त्यांनी विशीही गाठलेली नव्हती आणि त्या गरोदर होत्या.

एका कलमाने सगळं बदललं

मृत्युपत्राचा आशय थोडक्यात असा होता. पत्नीला मुलगा झाला तर प्रश्नच नाही. पण मुलगा झाला नाही, किंवा होऊन लगेच गेला, तर घराण्याचं नाव चालावं म्हणून विश्वस्तांच्या सल्ल्याने आणि संमतीने एक मुलगा पत्नीच्या मांडीवर दत्तक द्यावा. तो सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचा कारभार विश्वस्तांनी पाहावा.

वाचायला सरळ वाटतं. पण यात काही गोष्टी लिहिलेल्याच नव्हत्या. मुलगा कोणत्या शाखेतला घ्यायचा? विश्वस्तांना एक मुलगा हवा आणि पत्नीला दुसरा, तर शेवटचा शब्द कोणाचा? विश्वस्तांमध्येच फूट पडली तर? मरणाच्या दारात बसून घाईने केलेल्या मृत्युपत्रात असे प्रश्न राहून जातात, तसे ते राहून गेले.

सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. ते तुरुंगात असताना, १८ जानेवारी १८९८ ला ताई महाराजांना मुलगा झाला. पण दोन महिनेही झाले नसतील, ९ मार्चला बाळ गेलं.

इथे कायद्याची गाठ बसली. मुलगा जन्मला त्या क्षणी तो बापाचा वारस झाला. तो गेला तेव्हा त्याची वारस झाली त्याची आई. मग मृत्युपत्रातल्या विश्वस्तांचा अधिकार उरतो की संपतो? पुढची कित्येक वर्षं वकिलांनी ज्या मुद्द्यांवर कीस काढला, त्यांचं मूळ इथे आहे.

दत्तक म्हणजे नेमकं काय पणाला लागलं होतं?

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल की एका दत्तक मुलावरून एवढं रण का माजावं?

कारण तेव्हाच्या हिंदू कायद्यात विधवेला नवऱ्याची इस्टेट मिळायची ती मर्यादित हक्काने. ती हयात असेपर्यंत उत्पन्न तिचं. पण कायद्याला मान्य असलेली गरज असल्याशिवाय तिला जमीन विकता येत नव्हती, आणि तिच्या मागे ती कोणाला द्यायची हेही तिच्या हातात नव्हतं. त्यातही तिने दत्तक घेतला की हा मर्यादित हक्कसुद्धा जायचा. दत्तक मुलगा जणू वडील वारले त्या दिवसापासूनच घरात होता, असं कायदा मानायचा. इस्टेट त्याची, आणि आईकडे राहायची ती पोटगी.

म्हणजे ताई महाराजांसाठी दत्तक मुलगा कोण, हा नुसता वंशाचा प्रश्न नव्हता. ज्या घरातला मुलगा येईल, त्या घराच्या माणसांच्या हातात उद्या त्यांचं जेवणखाण, राहणं आणि मानपान जाणार होतं. मुलगा ओळखीच्या घरचा असावा असं वाटणं अगदी साहजिक होतं.

दुसरीकडे टिळकांची बाजूही समजण्यासारखी आहे. तुरुंगातून १८९८ च्या सप्टेंबरात सुटल्यावर त्यांनी कारभार हातात घेतला. कर्ज फेडायचं म्हणून खर्चाला कात्री लावली. सरदार घराण्याच्या खर्चाला सवकलेल्या घरात दर महिन्याला हिशेब मागणारा माणूस कोणालाच आवडत नाही. ताई महाराजांना तो जाच वाटू लागला. त्यांचं ऐकून घेणारी आणि त्यांना वेगळा सल्ला देणारी माणसंही आजूबाजूला होतीच.

औरंगाबादचा मुलगा की कोल्हापूरचा?

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले. पंडित घराण्याची एक शाखा त्या भागातल्या निधोने गावची. तिथली मुलं पाहिली, जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत केला आणि २८ जूनला दत्तकविधी झाला, असं विश्वस्तांचं म्हणणं.

पुण्यात परतल्यावर मात्र चित्र बदललं. ताई महाराजांच्या बाजूने सांगण्यात आलं की औरंगाबादला दत्तकविधी झालाच नाही. त्यांचा कल कोल्हापूरच्या शाखेतल्या बाळा महाराजांकडे होता. विश्वस्तांपैकी नागपूरकर त्यांच्या बाजूला गेले. कोल्हापूर दरबाराचा पाठिंबाही बाळा महाराजांना होता.

२९ जुलै १९०१ ला ताई महाराजांनी पुण्याच्या जिल्हा कोर्टात अर्ज केला. मागणी अशी की टिळकांना मिळालेलं प्रोबेट रद्द करावं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे आणि त्यात नेमलेल्या माणसांनी त्याप्रमाणे कारभार करावा, असं कोर्टाने दिलेलं प्रमाणपत्र. ते गेलं की टिळकांचा अधिकारच गेला.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये ताई महाराजांनी बाळा महाराजांना दत्तक घेतलं.

आता एका इस्टेटीला दोन दत्तक वारस झाले होते. दोन्हीकडे कागद, दोन्हीकडे साक्षीदार.

फिर्यादी व्हायचं ते आरोपी झाले

अर्ज चालला न्यायाधीश अॅस्टन यांच्यासमोर. टिळकांची कित्येक दिवस उलटतपासणी झाली. औरंगाबादच्या प्रवासाचे हिशेब, कागदावरच्या तारखा, कोण कधी कुठे होतं, एकेक ओळ उकरून काढली गेली. एप्रिल १९०२ मध्ये अॅस्टन यांनी प्रोबेट तर रद्द केलंच, शिवाय टिळकांवर फौजदारी खटला भरण्याचा हुकूम दिला. आरोप कोणते? खोटी साक्ष देणं, बनावट पुरावा तयार करणं, असे.

राजद्रोहाची शिक्षा लोकांच्या नजरेत मान वाढवणारी असते. पण एका विधवेच्या इस्टेटीत लबाडी केल्याचा आरोप म्हणजे माणसाला आयुष्यातून उठवणारा. टिळकांच्या राजकीय विरोधकांना आणि सरकारला याहून सोयीची गोष्ट दुसरी नव्हती.

१९०३ चं वर्ष टिळकांसाठी सगळ्यात वाईट. खटला चालू असतानाच थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. ऑगस्टमध्ये स्पेशल मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सेशन्स कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली, पण गुन्हा कायम ठेवला.

शेवटी मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यासमोर टिळक निर्दोष सुटले. प्रोबेट रद्द करण्याचा निकालही वरच्या कोर्टात टिकला नाही.

पण हे झालं फक्त फौजदारी. खरा प्रश्न, म्हणजे वारस कोण, तो दिवाणी दावा अजून बाकीच होता.

मंडालेहून चालवलेला दावा

दिवाणी दाव्याचा निकाल १९०६ मध्ये पुण्यात लागला. औरंगाबादचं दत्तकविधान खरं, जगन्नाथ महाराज हेच वारस, असं कोर्टाने ठरवलं. विरुद्ध बाजू हायकोर्टात गेली.

दरम्यान १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. ते तिकडे असताना १९१० मध्ये न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी पुण्याचा निकाल फिरवला. हायकोर्टाने टिळक आणि त्यांच्या बाजूच्या साक्षीदारांवर विश्वास ठेवला नाही.

आता वरचं एकच कोर्ट उरलं होतं, लंडनची प्रिव्ही कौन्सिल. टिळक तुरुंगात, तब्येत खालावलेली, घरी पत्नी सत्यभामाबाई आजारी. इतर कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे ती इस्टेट. टिळकांनी तसं केलं नाही. मंडालेहून घरी येणाऱ्या मोजक्या पत्रांत भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्यासाठी या अपिलाच्या सूचना असायच्या. गीतारहस्याचा मजकूर ज्या तुरुंगात लिहिला, त्याच तुरुंगातून हा दावाही चालवला गेला.

जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या. टिळकांना त्यांचं शेवटचं दर्शनही झालं नाही. जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यात आले.

आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आला. हायकोर्टाचा निकाल रद्द, पुण्याच्या कोर्टाचा कायम. औरंगाबादचं दत्तकविधान खरं ठरलं. एखाद्या साक्षीदाराविरुद्ध कागद वापरायचा असेल तर तो आधी त्याच्यासमोर ठेवून खुलासा करायची संधी त्याला दिली पाहिजे, हे तत्त्व या निकालात मांडलं गेलं. बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित या नावाने हा निकाल आजही भारतीय कोर्टांत दाखला म्हणून वापरला जातो. टिळकांनी वकिली कधीच केली नाही, पण पुराव्याच्या कायद्यात त्यांचं नाव असं कायमचं राहिलं.

जिंकूनही पाठ सुटली नाही

निकाल लागला म्हणजे इस्टेट हातात आली, असं नसतं. इस्टेटीचा काही भाग कोल्हापूर संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोर्टाचा हुकूम संस्थानात थेट चालत नव्हता. तिथली मालमत्ता म्हणजे वेगळी लढाई.

शिवाय बदनामीचं काय? व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिलं. त्यात टिळकांवर बरेच आरोप होते आणि ताई महाराज प्रकरणही त्यात होतं. टिळकांनी चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो लंडनमध्ये १९१९ च्या सुरुवातीला चालला. टिळकांचे वकील होते सर जॉन सायमन, चिरोलचे सर एडवर्ड कार्सन. निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला आणि लाखो रुपयांचा खर्च अंगावर पडला. लोकांनी वर्गणी काढून तो भार उचलला.

हे तेच टिळक, ज्यांना १९१६ मध्ये साठीनिमित्त लोकांनी एक लाखाची थैली दिली तेव्हा त्यांनी ती देशकार्याला देऊन टाकली होती. पैसा त्यांना नकोसा होता असं नाही, पण दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेला पैसा आणि स्वतःचा पैसा यांत ते काटेकोर फरक करायचे.

जुलै १९२० मध्ये टिळक पुण्याहून मुंबईला आले, ते याच प्रकरणाच्या हायकोर्टातल्या कामासाठी. तिथेच ते आजारी पडले. १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात त्यांचं निधन झालं. ऑगस्ट १८९७ मध्ये मित्राच्या अंथरुणाशी घेतलेली जबाबदारी शेवटच्या महिन्यापर्यंत त्यांच्या सोबत होती.

आणि टिळकांच्या स्वतःच्या घरात?

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती शब्द पाळणाऱ्या माणसाची गोष्ट झाली असती. पण तिला एक चटका लावणारी पुढची बाजू आहे.

टिळकांच्या मागे केसरी आणि मराठा विश्वस्तांच्या हाती गेले. गायकवाड वाड्यात एकीकडे टिळकांचं कुटुंब राहत होतं आणि दुसरीकडे या पत्रांचा कारभार चालत होता. धाकटी दोन मुलं, रामचंद्र आणि श्रीधर, विचाराने वडिलांच्या राजकीय वारसदारांपेक्षा वेगळी निघाली. श्रीधरपंत तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समता चळवळीत सामील झाले. वाड्यात कोणता कार्यक्रम व्हावा इथपासून मालमत्तेतल्या हक्कांपर्यंत मुलं आणि विश्वस्त यांच्यात वाद झाले आणि ते कोर्टात गेले.

२५ मे १९२८ ला श्रीधरपंतांनी आपलं आयुष्य संपवलं. अशा घटनेला एकच कारण नसतं आणि इस्टेटीच्या वादावर सगळं ढकलणंही बरोबर नाही. पण त्या वादाने त्यांना बेजार केलं होतं, हे पुण्यातल्या सगळ्यांना दिसत होतं.

ज्या माणसाने दुसऱ्याच्या मुलासाठी दोन दशकं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच्या स्वतःच्या मुलांनाही त्याच पायऱ्या चढाव्या लागल्या. कायदा माहीत असणं आणि नियत साफ असणं या दोन्ही गोष्टी टिळकांकडे होत्या. तरीही हे टळलं नाही. कारण मृत्यूनंतरच्या व्यवस्थेत कागदाइतकीच माणसंही महत्त्वाची असतात. त्यांचं आपापसात पटेल की नाही, हे मेलेला माणूस ठरवू शकत नाही. जिवंतपणी बोलून ठेवता येतं, एवढंच.

आज ताई महाराज असत्या तर?

आज हे प्रकरण असं झालं नसतं, कारण मधल्या काळात कायदा बदलला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेचा मर्यादित हक्क संपवला. नवऱ्याकडून वारसाने आलेली मालमत्ता आता तिची पूर्ण मालकीची असते. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने दुसरी गाठ सोडवली. आता दत्तक मुलगा किंवा मुलगी घरात आली, तरी आधीच एखाद्याच्या नावावर झालेली मालमत्ता त्याच्याकडून काढून घेतली जात नाही. म्हणजे ताई महाराजांची सगळ्यात मोठी भीती कायद्यानेच दूर केली. २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला.

पण बाबा महाराजांच्या मृत्युपत्रातल्या चुका मात्र आजही घरोघरी होतात.

पहिली, वेळेची. मृत्युपत्र शेवटच्या आजारपणात करायची गोष्ट नाही. धडधाकट असताना केलेल्या मृत्युपत्रावर शंका घ्यायला जागा कमी असते. आणि ते पाहिजे तेव्हा बदलता येतं, शेवटचं असेल ते खरं मानलं जातं.

दुसरी, मोघमपणाची. सल्ल्याने आणि संमतीने करावं, असं लिहून भागत नाही. एकमत झालं नाही तर कोणाचं चालेल, हे लिहावं लागतं. कोणाला काय आणि किती, घराचा पत्ता, गट नंबर, खाते, दागिने, कर्ज फेडायचं कशातून, सगळं स्पष्ट.

तिसरी, साक्षीदारांची. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, स्टॅम्प लागत नाही. पण करणाऱ्याची सही आणि ती सही पाहिलेले किमान दोन साक्षीदार लागतात. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे साक्षीदार घेणं शहाणपणाचं. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी, कारण पुढे कागद खरा की खोटा हा वाद कमी होतो.

चौथी चूक सगळ्यात मोठी, आणि ती कोणत्याही कायद्याने सुटत नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या कागदावर अवलंबून होतं, त्या कागदात तिच्या पसंतीला ठाम जागाच नव्हती. तिला किती खर्च मिळेल, मुलगा निवडताना तिचं किती चालेल, विश्वस्ताशी पटलं नाही तर तिने जायचं कुठे, हे तिला आधी माहीत असतं तर कदाचित औरंगाबाद आणि कोल्हापूर अशी दोन घरं एकमेकांसमोर उभी राहिली नसती.

एका सरदाराने विश्वासू माणूस निवडला, तो इतका विश्वासू निघाला की तुरुंगातूनही दावा लढला. तरी एका तरुण विधवेचं सुख गेलं आणि इस्टेटीचा किती तरी पैसा वकिलांकडे गेला. विश्वासू माणूस मिळणं नशिबाचा भाग. पण कागद स्पष्ट करणं आणि घरच्यांशी आधी बोलणं, हे कोणाच्याही हातातलं आहे.